दहा अठ्ठावन्नची नोंद

ही गोष्ट खरी आहे.

कुणाला पटवायला मी लिहायला बसलेली नाही. उलट ही खोटी ठरली, तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल.

तारीख अकरा डिसेंबर. जागा नॉर्वेच्या पार उत्तरेचं स्वालबार बेट, फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या खोल खाडीच्या, वरच्या कड्यावरचं आमचं केंद्र. वेळ दहा वाजून छप्पन्न मिनिटं.

सकाळचे.

आमच्याकडे ऑक्टोबरअखेर बुडालेला सूर्य थेट फेब्रुवारीत वर येतो. डिसेंबरात सकाळी अकरालाही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार असतो. तेव्हा भुताखेतांना रात्रीची वाट बघावी लागत नाही.

माझं नाव तोरुन. त्या केंद्रात माझं काम एकच होतं. उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींवर लक्ष ठेवायचं.

आपल्या डोक्यावर शंभर किलोमीटरच्या वर विजेनं भारलेल्या विरळ हवेचा एक थर आहे. आयनांबर. शाळेत नाव वाचतो आणि परीक्षा झाली की विसरतो. जीपीएसचे उपग्रह त्याच्याही खूप वर असतात. त्यांचा संदेश या थरातून गाळला जाऊन खाली येतो. थर शांत असला तर तो नीट येतो. थर ढवळला की संदेश थरथरतो, उशिरा पोचतो, कधी मधेच तुटतो. वाहत्या पाण्याच्या तळाचा खडा जसा आहे तिथे दिसत नाही, तसंच. हातातलं यंत्र सांगतं, तुम्ही इथे आहात...

आणि तुम्ही तिथे नसता.

शहरात याचं कुणाला काही वाटत नाही. दहा-वीस मीटरनी काय बिघडतं?

आमच्याकडे दहा-वीस मीटरमध्ये माणूस जातो.

केंद्रापासून पलीकडच्या खोपटापर्यंत जायला हिमनदी ओलांडावी लागायची. तिच्या मध्यावर भेगा होत्या. वरून बर्फ साचलेला, त्यामुळे दिसायच्या नाहीत. त्यांच्या मधून एक वीस-पंचवीस मीटर रुंदीची पक्की वाट होती. अंधारात, उडत्या बर्फात, गाडीच्या दिव्याला नुसता पांढरा पडदा दिसायचा. मग जीपीएसच्या पडद्यावरची रेघ बघत जायचं. दुसरा उपायच नव्हता.

ही ने-आण ओडवार करायचा. वय अठ्ठावन्न, तिथे तीस हिवाळे काढलेले. आमच्याकडे मोठ्यांनाही अरे-तुरेच करतात, पण ओडवारला हाक मारताना माझा आवाज आपोआप जरा खाली यायचा. त्याच्याबरोबर दुसऱ्या स्नो-स्कूटरवर एस्किल असायचा, माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ.

ओडवारची एक सवय होती. रेडिओवर त्याला काही सांगितलं, की तो "ऐकलं" म्हणायचा नाही. बटण दोनदा दाबायचा.

टक... टक.

म्हणजे कळलं.

नियम असा होता की थर ढवळला की मी रेडिओवर कळवायचं आणि त्यांनी असतील तिथे थांबायचं. नोव्हेंबरात मी असं दोनदा कळवलं. दोन्ही वेळा पाच-दहा मिनिटांत सगळं निवळलं. पण पूर्ण खात्री होईपर्यंत निघायचं नाही, म्हणून पहिल्या वेळी ते चार तास पलीकडच्या गारठलेल्या खोपटात बसून राहिले. दुसऱ्या वेळी जेवण हुकलं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ओडवारनं मला विचारलं, "काय तोरुन, तुझ्या आभाळाची सर्दी बरी झाली का?"

एस्किल लगेच म्हणाला, "हळू बोल बाबा! ती म्हणाली तर संडासलासुद्धा जायची चोरी."

सगळे हसले. आमची केंद्रप्रमुख हाल्डिससुद्धा हसली.

मीही हसले.

पण ते लागलं मला. फार लागलं.

अकरा डिसेंबरला दोघं पलीकडच्या खोपटात होते. दहा पंचवीसला ओडवारचा आवाज आला.

"निघतोय गं. काय म्हणतंय आभाळ?"

"शांत आहे."

"नक्की? नाहीतर शिंकायचं मधेच."

"शांत आहे म्हटलं ना!"

तो हसला. "बरं बरं. अर्ध्या तासात भेगांपाशी. अकराच्या पुढे सूप गरम ठेवायला सांग."

आणि आभाळ खरंच शांत होतं. एका रिसीव्हरला मी छोटा स्पीकर जोडून ठेवला होता. उपग्रहाच्या संदेशात जेवढा जोर, तेवढा सूर भरीव. भुंग्यासारखा एकसारखा घूंऽऽ चालू होता.

दहा छप्पन्नला तो सूर थरथरला.

माझा हात रेडिओकडे गेला...

आणि थांबला.

कानात ते हसू आलं. सर्दी. संडास. मी मनात म्हटलं, दोन मिनिटं बघू, नक्की झालं की सांगू.

इथपर्यंत मी पुष्कळांना सांगितलंय. पुढचं फार थोड्यांना.

मी नुसती वाट बघत नव्हते. माझ्या मनात आलं... जरा भरकटू दे. जरा घाबरू दे. मग कळेल आभाळाची सर्दी काय असते.

हे मी शब्दांत म्हटलं. मनातल्या मनात, पण स्पष्ट.

सूर थरथरत राहिला. मी कप विसळला. कॉफी ओतली.

अकरा वाजून सात मिनिटांनी सूर पूर्ण बंद पडला. कप तसाच ठेवून मी रेडिओवर झडप घातली.

"ओडवार! ओडवार, एस्किल! कुणीतरी बोला!"

काही नाही.

परत हाका मारल्या.

काही नाही.

अकरा दहाला एस्किलचा आवाज आला. पहिल्यांदा मला ओळखूच आला नाही.

"ओडवार नाहीये... तोरुन... ओडवार नाहीये इथे."

पक्क्या वाटेपासून अठरा मीटर बाजूला भेगेवरचं बर्फाचं झाकण फुटलं होतं. ओडवार गाडीसकट खाली गेला होता. एस्किल दोन तास त्या काठावर पालथा पडून खाली हाका मारत होता. उणे चोवीस. एक हातमोजा दोराबरोबर खाली गेलेला. हेलिकॉप्टर आलं तेव्हा त्याला काठावरून ओढून काढावं लागलं. तिथून त्याला थेट ट्रोम्सो शहरातल्या दवाखान्यात नेलं. माझी त्याची गाठ पडली नाही.

ओडवार सापडला नाही. वरून पुन्हा बर्फ कोसळलं होतं. तो अजून तिथेच आहे.

हेलिकॉप्टरचा आवाज दूर गेला. हाल्डिस बाहेर होती. खोलीत मी एकटी. समोर नोंदवही.

मी लिहिलं... "१०:५८. रेडिओवर थांबण्याचा इशारा दिला. उत्तर नाही."

अक्षर माझंच. सुबक आलं होतं. हात कापलासुद्धा नाही.

चौकशीत हेच सांगितलं. एस्किलनं दवाखान्यातून जबाब दिला की वारा खूप होता, रेडिओवर काही ऐकू आलं नाही. दोन्ही जबाब एकमेकांत चपखल बसले. निष्कर्ष निघाला की मृतानं रेडिओ बंद ठेवला असावा.

ओडवारची बायको मारित तेव्हा ट्रोम्सोला होती. तिनं हाल्डिसला फोन केला. फोनचा आवाज मोठा होता, मला शेजारी बसून सगळं ऐकू आलं.

"तो झोपताना रेडिओ उशाशी ठेवायचा गं," ती म्हणत होती. "तीस वर्षं मी त्या खरखरीत झोपलेय. आणि तुम्ही म्हणता त्यानं बंद ठेवला?"

मी उठून बाहेर गेले.

पहिल्यांदा ते झालं तीन जानेवारीला.

सकाळी सूर थरथरायला लागला. मी आलेखाकडे बघत होते. अशा वेळी सूर वाऱ्यातल्या गवतासारखा हलतो, कसाही, वेडावाकडा.

तो एकदम स्थिर झाला.

आणि मग तुटला. जुळला. तुटला. जुळला.

घूं... — ... घूं... — ... घूं.

आवाज असा काही झालाच नाही. नुसत्या दोन रिकाम्या जागा. दोन्ही सारख्या, कात्रीनं कापल्यासारख्या.

मी घड्याळ पाहिलं.

दहा अठ्ठावन्न.

हाल्डिसला आलेख दाखवला. ती म्हणाली, "केबल ढिली असेल. बदलून टाक."

बदलली.

बारा जानेवारीला पुन्हा. दहा अठ्ठावन्न. दोन खाचा.

मी दुसरा उपग्रह लावला. पुन्हा. तिसरा लावला. पुन्हा. शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्राकडून त्याच वेळचे आलेख मागवले. थरथर त्यांच्याकडेही होती. खाचा नव्हत्या.

फक्त आमच्याकडे होत्या.

मला ते काय आहे हे पहिल्या दिवशीच कळलं होतं, फक्त मी ते म्हणत नव्हते. थर ढवळला आणि त्या दिवशी मी कामावर असले, की दहा अठ्ठावन्नला वरून... म्हणजे कुठून ते मला माहीत नाही... कुणीतरी मला सांगत होतं.

ऐकलं.

काय ऐकलं? मी तर काही बोललेच नव्हते!

फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला हाल्डिस माझ्या खोलीत होती, म्हणून बरं झालं. नाहीतर पुढचं मी माझ्या डोक्यातलं समजले असते.

आमची अँटेना खडकात बोल्ट मारून बसवलेली होती. ती कुठे आहे हे यंत्र उपग्रहांवरून सतत मोजत असायचं. थर ढवळला की तो आकडा इकडेतिकडे भटकायचा. थोडा उत्तरेला, थोडा पश्चिमेला, दिशा अशी नसायची.

त्या दिवशी दहा छप्पन्नला तो पूर्वेला सरकायला लागला.

एक मीटर. तीन. सात.

हाल्डिस खुर्ची ओढून जवळ आली.

अकरा. पंधरा. सरळ रेषेत. हिमनदीच्या दिशेनं.

अठरा.

तिथे थांबला.

आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसून राहिलो. अकरा वाजून सात मिनिटांनी आकडा पुन्हा जागेवर आला. जसं काही झालंच नव्हतं.

हाल्डिस म्हणाली, "दगड चालत नाही, तोरुन."

"माहीत आहे मला."

"मग ही नोंद खराब म्हणून काढून टाक."

"आणि अठरा मीटरच का? हिमनदीकडेच का?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "त्या दिवशी तू त्याला नक्की सांगितलं होतंस ना?"

"हो," मी म्हणाले.

इतक्या चटकन म्हणाले, की ती उठून निघून गेली.

त्यानंतर मला जेवण जाईना. टेबलावर ओडवारची जागा रिकामी ठेवली होती. कुणी ठरवून नव्हे, तिथे कुणी बसतच नव्हतं. मी तिच्याकडे पाठ करून बसायला लागले. मग टेबलावरच यायची बंद झाले.

मार्चची नऊ तारीख.

सूर्य परत आला होता. खिडकीतून पिवळं ऊन माझ्या टेबलावर, हातावर पडलं होतं. बाहेर बर्फ लखलखत होतं. अशा उजेडात भीती वाटायला जागाच नसते.

दहा छप्पन्नला सूर थरथरला.

मी नोंद करायला पेन घेतलं. आणि मग...

सूर गेला.

नुसता सूरच नाही, पंख्याची घरघर गेली. वारा गेला. खाली स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, ती गेली. मी पेन टेबलावर टाकलं, त्याचाही आवाज झाला नाही.

कानावर कुणी बर्फ लिंपावं तसं झालं.

त्या शांततेत मला एकच गोष्ट कळत होती. कुणीतरी थांबलंय. माझ्या बोलण्याची वाट बघत थांबलंय. तीन महिने तिथेच थांबलंय.

मला रडू फुटलं. हातात रेडिओ नव्हता. समोर माइक नव्हता. भिंतीकडे बघत, हुंदके देत मी ते बोलले. तीन महिन्यांपूर्वी बोलायचं होतं ते.

"ओडवार, थांब... थांब रे. पुढे येऊ नकोस."

घूं... — ... घूं... — ... घूं.

टक टक.

मग पंखा सुरू झाला. वारा आला. खाली कुणीतरी झाकण आपटलं.

मी घड्याळाकडे पाहिलं नाही. गरजच नव्हती.

तुम्हाला वाटेल, सुटले मी. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं. वाटलं, एवढंच हवं होतं त्याला. उशिरा का होईना, मी बोलले. त्यानं ऐकलं. खरंच, त्यानंतर खाचा बंद झाल्या. एकही आली नाही.

चार आठवडे मी नीट झोपले. आणि ठरवलं की आता माणसांनाही खरं सांगून टाकायचं.

ईस्टरच्या सुट्टीत मी ट्रोम्सोला गेले. आधी एस्किलकडे. तो बहिणीच्या घरी होता.

दार त्यानंच उघडलं. "ये, ये! हात मिळवायचा तर उजवा घे. डाव्याची दोन बोटं कायमची रजेवर गेलीत."

मला हसता आलं नाही. तो कॉफी करायला वळला. एका हातानं डबा उघडताना त्याची तारांबळ होत होती. मी मदतीला उठले तर म्हणाला, "बस गं. जमतं. वेळ लागतो, पण जमतं."

मी बसले. त्याच्या पाठीकडे बघत म्हणाले, "एस्किल, मला तुला एक सांगायचंय. त्या दिवसाबद्दल."

"मलाही," तो म्हणाला. "आधी मी सांगतो. नाहीतर माझ्यानं व्हायचं नाही."

तो माझ्यासमोर येऊन बसला.

"मी चौकशीत खोटं बोललो, तोरुन. मी म्हणालो, रेडिओवर काही ऐकू आलं नाही. आलं होतं."

"काय आलं होतं?"

"तुझा आवाज."

मी खुर्चीत पुढे सरकले.

"तू हाक मारलीस ना, दहा अठ्ठावन्नला. मी बघितलं होतं घड्याळ, सूपचा विचार करत होतो, म्हणून. तू म्हणालीस... 'ओडवार, थांब. थांब रे. पुढे येऊ नकोस.' अगदी स्पष्ट. वारा-बिरा काही मधे नाही. आणि तू रडत होतीस. मला नवलच वाटलं. म्हटलं, इशारा देताना कुणी रडतं का?"

त्याच्या कपातली कॉफी हलत होती. की माझ्या डोळ्यांत हलत होती.

"मग?"

"मग त्यानं दोनदा बटण दाबलं. नेहमीसारखं."

"आणि?"

"आणि थांबला."

एस्किलनं तोंडावरून हात फिरवला.

"जीपीएसनं आम्हाला आधीच बाजूला नेलं होतं गं. आम्हाला ठाऊक नव्हतं. तो जिथे थांबला ना... तिथे खाली काही नव्हतंच. भेगेवरचं झाकण. मी पन्नास मीटर मागे होतो. त्याचा लाल दिवा स्थिर झाला. मग खाली गेला. आवाजसुद्धा नाही. झाकण आठ-दहा मीटर रुंद असेल. तो मधोमध होता. वेगात जात राहिला असता तर पार झाला असता. मी रोज ते डोक्यात चालवून बघतो. दर वेळी तो पार होतो."

"एस्किल..."

"तुझी चूक नव्हती. तू बरोबरच सांगितलंस. पण हे तुला कळलं असतं तर जन्मभर तू स्वतःला खात बसली असतीस. म्हणून मी गप्प राहिलो. त्याचा रेडिओ बंद नव्हता हे माहीत असून गप्प राहिलो. मारित फोन करते मला, तोरुन. दर रविवारी. विचारते, बंद होता का रे खरंच? आणि मी म्हणतो, माहीत नाही."

तो रडत होता.

मी त्याला सांगायला आले होते की मी हाक मारलीच नव्हती.

सांगितलं. सगळं. दहा छप्पन्न, कॉफीचा कप, नोंदवही, मार्चची नऊ तारीख.

त्यानं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "मी आवाज ओळखतो तुझा."

"हो."

"मग मी काय ऐकलं?"

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी कोट घातला, दार लावलं, तरी वळला नाही.

मारितचं घर वरच्या अंगाला, दहा मिनिटांवर होतं. तिनं मला आत घेतलं, पाव आणि तपकिरी चीज समोर ठेवलं, सुरी ठेवली, आणि बसून माझ्याकडे बघत राहिली. तिला माझं येणं कशासाठी आहे याचा अंदाज आला असावा.

मी म्हणाले, "नोंदवहीतली नोंद खोटी आहे. मी त्याला इशारा दिला नाही. वेळ होता, पण दिला नाही. आणि त्याचा रेडिओ चालू होता. एस्किललाही माहीत आहे."

"चालू होता?"

"हो."

तिनं डोळे मिटले.

मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, "का नाही दिलास?"

"ते माझी चेष्टा करायचे. मला राग आला होता."

"चेष्टा," ती म्हणाली. "तो ज्यांच्यावर माया करायचा त्यांचीच चेष्टा करायचा. बाकीच्यांशी तो बोलायचासुद्धा नाही."

मी मान खाली घातली.

"शेवटी त्याला काही ऐकू आलं का?" तिनं विचारलं. "कुणाचा आवाज? काही?"

एस्किलच्या घरापासून तिच्या दारापर्यंत मी याच प्रश्नाला घाबरत आले होते.

"नाही," मी म्हणाले.

हे खोटं होतं की खरं, मला अजून कळलेलं नाही.

मारित उठली. माझ्यासमोरची न वापरलेली सुरी तिनं उचलून खणात ठेवली.

"हे जे मला सांगितलंस ते लिहून दे. चौकशीवाल्यांना. आजच. आणि मग या घरी पुन्हा येऊ नकोस."

मी लिहून दिलं. निष्कर्ष बदलला. ओडवारच्या नावापुढचा तो शेरा गेला. एस्किलनंही आपला जबाब बदलला. त्यात त्यानं माझ्या आवाजाबद्दल काय लिहिलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. माझी नोकरी गेली. त्याहून मोठी शिक्षा झाली नाही. व्हायला हवी होती, असं मला फार वेळा वाटतं.

जुन्या केंद्रातल्या एकानं मला समजावण्याचा प्रयत्न केला होता. म्हणाला, थरातून येणारा संदेश उशिरा पोचतो हे तर तुलाच आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी म्हणाले, उशिरा पोचतो रे. आधी नाही पोचत.



आता मी दक्षिणेला ट्रॉनहाइममध्ये राहते. उपग्रहांशी, लहरींशी संबंध नाही. एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. लोक भले आहेत. पण एक गोष्ट मला जमत नाही. ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. गेल्या आठवड्यात आली.

ट्रामच्या थांब्यावर आम्ही सहा-सात जण उभे होतो. स्वच्छ ऊन होतं. एक म्हातारा काठी टेकत रुळांवर उतरला. त्याला ऐकू येत नसावं. वळणावर ट्राम दिसत होती.

माझं तोंड उघडलं.

आणि मी दोन्ही हातांनी ते घट्ट दाबून धरलं.

माझा शब्द कुठे जाईल, कधी जाईल, कुणाला मधेच उभं करील... मला माहीत नव्हतं.

मागून कुणीतरी ओरडलं. एक जण धावला. म्हाताऱ्याला ओढून काढलं. वाचला तो.

शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"अगं, तू तर सगळ्यात पुढे होतीस," ती म्हणाली. "तुला ट्राम दिसली नाही का?"

मी तोंडावरचे हात काढले नाहीत.

दिसली होती.

सगळ्यांच्या आधी मलाच दिसली होती.